बाळंतिणीच्या खोलीतील पहिले दिवस व आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. निवृत्त शिक्षकाने शिक्षणावर बोलावे, शिष्यवृत्त्यांवर बोलावे, फार तर व्यसनमुक्तीवर बोलावे, अशी साधारण अपेक्षा असते. आम्ही विषय कळविला तो 'घरी आलेल्या बाळाचे पहिले दिवस' असा. चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, हा विषय महिला शाखेकडे दिला तर?" त्यांचा संकोच स्वाभाविक होता, आणि नेमक्या त्या संकोचासाठीच आम्ही हा विषय घेतला आहे. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर पुरुष थांबतो; परंतु दवाखान्यात केव्हा न्यावयाचे, गाडी कोणाची सांगावयाची, खर्च किती करावयाचा, सुनेस माहेराहून केव्हा आणावयाचे, हे निर्णय बहुतेक घरांत अजून पुरुषच घेतात. ज्याच्या हाती निर्णय आहे त्यास त्या खोलीत काय चालते हे ठाऊक नसावे, ही गोष्ट घातक आहे.

आम्ही तीसहून अधिक वर्षे या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून शिकविले. जुनी दाखलपुस्तके चाळणाऱ्यास एक मौज दिसते. पानामागून पान उलटावे, तर कित्येक मुलांची जन्मतारीख एकच, १ जून! शाळा जूनमध्ये उघडत, पोरास हात धरून आणणाऱ्या बापास तारीख आठवत नसे, 'दुष्काळानंतरच्या वर्षी, पेरणीच्या वेळेस' एवढेच तो सांगे, आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. या सभागृहातही १ जून रोजी वाढदिवस साजरा करणारे ज्येष्ठ अनेक असतील. यात हसण्यासारखे आहे खरे; पण थोडा विचार केला तर हसू मावळते. मूल सहा वर्षांचे होऊन शाळेच्या दारात येईपर्यंत त्याची कोठेही गणती झालेली नसे, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्या रीतीही हेच सांगतात. मुलास नाव बाराव्या दिवशी. माय-लेकरू देवदर्शनास बाहेर पडणार ते सव्वा महिन्याने. यामागे धर्मभावना आहेच. पण आम्हांस असे वाटते की, त्याच्या तळाशी एक जुने भयही आहे. जे लेकरू टिकेल की नाही याची शाश्वती नाही, त्यास नाव देऊन जीव किती गुंतवावा, हे ते भय. आज ते भय पुष्कळ ओसरले आहे. देशात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १२९ मुले वर्षाची होण्यापूर्वी दगावत; २०२० साली हे प्रमाण देशात २८ आणि आपल्या महाराष्ट्रात १६ होते. तथापि जी मुले आजही जातात, ती बहुतांशी पहिल्या महिन्यात जातात. जगात पाच वर्षांखालील जेवढी बालके दगावतात, त्यांतील निम्म्याच्या आसपास पहिल्या २८ दिवसांत दगावतात, आणि त्या २८ दिवसांतलेही सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्याच आठवड्यातले असतात. म्हणजे ज्या दिवसांत आपण बाळाचे नावही ठेवलेले नसते, तेच दिवस सर्वांत जोखमीचे होत.

पूर्वजांना आकडे ठाऊक नव्हते, पण दिवस ठाऊक होते. पाचवी पुजावी, सहाव्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, म्हणून पाटा-वरवंटा मांडावा, जवळ कोरा कागद व लेखणी ठेवावी, दिवा विझू देऊ नये आणि घरातल्यांनी जागावे, ही रीत आपणां सर्वांस माहीत आहे. सहावीच रात्र का? त्या काळी नाळ कापीत ती घरच्या विळ्याने, आणि वर राख, माती वा शेण लावीत. त्यातून धनुर्वाताचे विष बाळाच्या अंगात शिरे. बाळ दोन-चार दिवस छान दूध पिई, मग एकाएकी पिणे थांबे, जबडा मिटे, अंग ताठ होई आणि खेळ संपे. हे बहुधा तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत, आणि विशेषतः आठवड्याच्या सुमारास घडे. सटवीच्या जागरणाचा उगम यातच आहे असा आमचा दावा नाही. परंतु ती रात्र भयाची होती हे आयाबायांच्या अनुभवाने ठरलेले होते, एवढे निश्चित. ते भाग्य कपाळावरचे नव्हते, विळ्यावरचे होते. गर्भवतीस धनुर्वाताची लस, स्वच्छ हात, नवे पाते आणि कोरडी नाळ, एवढ्या चार साध्या गोष्टींनी ते पुसले गेले. माता व नवजात बालके यांचा धनुर्वात भारतातून जवळजवळ नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले.

आपल्या महाराष्ट्रात या दुःखातून एक मोठी गोष्ट जन्मास आली, तिचे स्मरण येथे करणे उचित होय. आनंदीबाई जोशी यांस वयाच्या चौदाव्या वर्षी पुत्र झाला आणि वैद्यकीय उपचारांअभावी तो अवघ्या दहा दिवसांत गेला. दहा दिवस, म्हणजे बारशाच्याही आधी. त्या आघातातून डॉक्टर होण्याचा निश्चय उभा राहिला. १८८३ साली त्या समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी त्यांचे देहावसान झाले. परंतु दहा दिवसांच्या बाळासाठी एक माता केवढे अंतर चालून गेली, हे विसरता येत नाही. तसेच सावित्रीबाई फुले यांचे. त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते आपल्याच नगरात, मिस फरार यांच्या शाळेत, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांनी व जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ज्या विधवांस कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांची बाळंतपणे स्वतःच्या घरी केली, हे मात्र आपण कमी सांगतो. तेथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि त्यास डॉक्टर केले.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. हे ज्ञातीचे संमेलन आहे, म्हणूनच ती येथे बोलली पाहिजे. पूर्वी गावोगावी बाळंतपणे केली कोणी? सुईणीने. आणि सुईण बहुधा मांग समाजातील, वा ज्यांस आपण वाड्याच्या ओसरीवरही बसू देत नव्हतो अशा इतर समाजांतील स्त्री असे. आपल्या घरातील प्रत्येक जीवास जगातला पहिला स्पर्श तिच्या हाताचा. तिने नाळ कापावी, वार पुरावी, रक्ताची लुगडी धुवावी. आणि मग सोयर फिटले की तिने पुन्हा अंगणाबाहेर उभे राहावे! ज्या हातांनी आपणांस झेलले, त्या हातांस आपण विटाळ मानला. बाळंतिणीसही आपण दहा दिवस तेच केले. तिला वेगळी खोली, वेगळे भांडे, तिला शिवावयाचे नाही. या वेगळेपणात तिला विसावा मिळे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रोगराईपासून बाळ दूर राही, हा लाभ खरा. परंतु त्याच वेगळेपणाने ती एकटी पडे. अंधाऱ्या, दार-खिडक्या बंद केलेल्या खोलीत तिला ताप भरला तरी उंबऱ्याबाहेर वार्ता उशिरा येई. विसावा ठेवावा आणि विटाळ टाकावा, एवढेच आम्हांस या बाबतीत म्हणावयाचे आहे.

हे आपल्याच जिल्ह्यातील लोकांनी करून दाखविले आहे. अहिल्यादेवींचे जन्मस्थान चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, त्या जामखेडास १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉ. रजनीकांत आपल्याच जिल्ह्यातले. दोघेही वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले. मनात आणते तर मोठ्या शहरात सुखाने राहिले असते. प्रारंभी त्यांनी गावोगावी परिचारिका पाठविल्या. पण परक्या मुलीचे गावात बस्तान बसेना. तेव्हा गावांनीच आपल्यातली एकेक बाई निवडून द्यावी असे ठरले. या स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या, कित्येक विधवा वा नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्यास जामखेडला येत, निरनिराळ्या जातींच्या बाया एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र शिकत. हात कसे धुवावे, नाळ कशी बांधावी, बाळ लगेच अंगाशी कसे घ्यावे, पहिले दूध का पाजावे, हे शिकून त्या गावात परतत. ज्या घरात त्यांच्या सावलीस विरोध होता, त्याच घरातून पुढे रात्री-अपरात्री बोलावणे येऊ लागले. प्रारंभी त्या गावांतून दर हजारी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु आमच्या मते खरा पुरस्कार हा की, 'बाई कोणाची?' या प्रश्नाच्या जागी 'बाईला काय येते?' हा प्रश्न लोक विचारू लागले.

पुढे गडचिरोलीस डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी हेच सूत्र नवजात बालकांसाठी शास्त्रशुद्ध रीतीने तपासले. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांस आरोग्यदूत केले आणि बाळाच्या घरी जाऊन बाळ तपासण्यास शिकविले. महिन्याच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण तेथे हजारी ६२ होते, ते २५ च्या आसपास आले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशा सेविकांकडे सोपविण्यात आला. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही येते. गंमत अशी की, तिची शेवटची फेरी आपल्या सव्वा महिन्याच्या आसपासच पडते, आणि दुसरी फेरी सटवीच्या दुसऱ्या दिवशी. सटवीसाठी आपण कोरा कागद ठेवतो. आशा सेविका आपला कागद सोबत आणते आणि त्यावर बाळाचे वजन, ताप आणि श्वास लिहिते. पहिल्या कागदासाठी जागणाऱ्यांनी दुसऱ्या कागदासाठी दार उघडावे. 'आमचे बाळंतपण चांगल्या दवाखान्यात झाले, आशाबाईची आम्हांस गरज नाही' असे म्हणून तिला ओसरीवरून परत पाठविणारी सुशिक्षित कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. डॉक्टर दवाखान्यात असतात. बाळ घरी असते. घरी येऊन बाळ उघडे करून पाहणारे दुसरे कोण आहे?

आता प्रत्यक्ष काय करावे, काय टाळावे, याकडे येतो. आजीबाईंच्या सर्वच रीती टाकाऊ आहेत असे म्हणणारे आम्ही नव्हे. चाळीस दिवसांचा विसावा, डिंकाचे व अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, बाजरीची गरम भाकरी आणि तूप, जेवणानंतर बाळंतशेपा, हलक्या हाताने तेल लावणे, तान्ह्यास उबेत ठेवणे, हे सर्व उत्तम. त्यास जोड म्हणून बाळंतिणीस डाळ, पालेभाजी, दूध वा अंडी द्यावी, लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत, आणि पाणी मुबलक द्यावे. 'पाणी प्याली तर पोट सुटेल' म्हणून तिला तहानलेली ठेवणे हा निव्वळ छळ आहे. भाकरी आणि मेथीच्या भाजीवर महिनाभर ठेवणेही तसेच.

पहिले पिवळसर घट्ट दूध, ज्यास आपण चीक म्हणतो, ते पूर्वी पिळून टाकीत आणि तिसऱ्या दिवसापर्यंत बाळास मध वा गुळाचे पाणी चाटवीत. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो आणि मातेचा चीक फेकून देतो, ही केवढी विसंगती! तो चीक हीच बाळाची पहिली लस होय. जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळ छातीस लावावे. पुढे सहा महिने मातेच्या दुधाखेरीज दुसरे काहीही देऊ नये. मध नको, पाणी नको, सहाणेवर उगाळलेली गुटीही नको. मधातून तान्ह्यास भयंकर विषबाधा होऊ शकते, हे आता सिद्ध झालेले आहे. औषध द्यावयाचे ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

दूध पुरते की नाही, ही सर्वांत मोठी काळजी. पहिल्या दिवशी चमचा-दोन चमचेच दूध येते आणि बाळाचे पोटही तेवढेच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दूध वाढते. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. जितके पाजावे तितके ते वाढते. पाचव्या दिवसापासून बाळ दिवसात सहा वेळा वा अधिक लघवी करीत असेल, तर दूध पुरते असे निःशंक समजावे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन दशांशापर्यंत घटते आणि दोन आठवड्यांच्या आत भरून येते. तेवढ्याने घाबरून पावडरचा डबा आणू नये.

ऊब द्यावी, पण धूर नव्हे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे आणि ओव्याची, वावडिंगाची धुरी देणे धोक्याचे आहे; कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्यास वासही नसतो. बाळ अशक्त वा अडीच किलोहून कमी वजनाचे असेल तर त्यास मातेच्या उघड्या छातीशी सरळ धरून वरून पांघरूण घालावे. या पद्धतीस कांगारूचे नाव मिळाले आहे, कारण तो प्राणी आपले पिलू असेच पोटाशी वाहतो. हे काम पित्यासही करता येते, हे मुद्दाम सांगतो. पहिली अंघोळ चोवीस तास तरी लांबवावी. अशक्त बाळास याहूनही उशिरा घालावी. नाळेवर हळद, राख, तेल, काही लावू नये. ती कोरडी राहू द्यावी, आपोआप गळून पडते. टाळूवर तेलाचा हात फिरवावा, दाब देऊ नये. नाका-कानांत तेल सोडू नये. तीट गालावर वा तळपायास लावावी, हौस होते. काजळ डोळ्यांत घालू नये. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढण्यास आमची हरकत नाही, फक्त दृष्ट काढून झाल्यावर बाळाचा ताप पाहावा.

आणि पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येक पुरुषाने पाठ कराव्यात. बाळ दूध ओढीत नाही, नेहमीसारखे रडत नाही, मलूल पडते, अंग तापलेले किंवा हाता-पायांसह पोटही गार लागते, श्वास मिनिटास साठ वा अधिक पडतो, किंवा श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतो, झटके येतात, नाळेतून पू येतो, पहिल्याच दिवशी कावीळ दिसते किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरतो. तिसऱ्या दिवसाची किंचित पिवळी झाक बहुतेक बाळांस येते आणि जाते. परंतु आधी सांगितलेल्यांपैकी एकही चिन्ह दिसले तर रात्र सरण्याची वाट पाहू नये. मातेस फार रक्तस्राव होणे, तासाभरात घडी चिंब भिजणे, ताप, दुर्गंध, तीव्र डोकेदुखी वा झटके, यांचेही तसेच. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि निघावे. 'आधी मालकांना विचारू,' 'आजेसासू येऊ देत,' 'आज अमावस्या आहे' या वाक्यांनी किती घरांचे पाळणे रिकामे झाले असतील, त्याची नोंद कोठेच नाही.

बाळाबद्दल एवढे बोलल्यावर मातेच्या मनाबद्दल बोलले नाही तर व्याख्यान अपुरे राहील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ बाळंतिणींस कारण नसता रडू येते. घर आनंदात असते, पेढे वाटले जात असतात, आणि ही मात्र भिंतीकडे तोंड करून डोळे पुसते. 'आम्ही नाही का चार पोरे काढली?' असे तिला बोलू नये. हे शरीरातील पालटामुळे, जागरणामुळे होते आणि दहा-पंधरा दिवसांत निवळते. न निवळले, तिला बाळाकडे पाहावेसे वाटेना, अन्न जाईना, बाळ झोपले तरी झोप येईना, किंवा जगणे नकोसे वाटते असे ती बोलली, तर तो आजार समजावा आणि डॉक्टर गाठावा. ते नखरे नव्हेत आणि बाहेरचेही काही नव्हे. तसेच मुलगी झाल्यावर ज्या घरात पेढ्यांऐवजी मुकाट्याने बर्फी वाटतात, किंवा काहीच वाटीत नाहीत, तेथल्या बाळंतिणीचे दूध कसे वाढावे? मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, ही गोष्ट आज शाळेच्या पुस्तकात आहे; तीसाठी सुनेस बोल लावणारे घर त्या पुस्तकाच्याही मागे राहिलेले आहे.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत मायेची आहे आणि ती राहावी. परंतु तिचा एक दोष असा की, जावई पाहुण्यासारखा बारशाला येतो, फोटो काढतो आणि परत जातो. ज्या चाळीस दिवसांत तो पिता व्हावयाचा, ते चाळीस दिवस तो घरात नसतो. स्त्री कामगारांस बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडली, १९२९ साली तसा कायदा झाला आणि २०१७ साली देशाच्या कायद्यात ही रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांसही पंधरा दिवसांची पितृत्वरजा आहे. ज्यांस अशी रजा नाही, त्यांनी आपली साठविलेली रजा लग्नाच्या वरातींसाठी न ठेवता या दिवसांसाठी ठेवावी. लंगोट धुणे, रात्री बाळास उचलून मातेजवळ देणे, ढेकर काढणे, पाणी तापविणे, यांपैकी कोणत्याही कामाने पुरुषाचे पौरुष उणे होत नाही.

आपल्या ज्ञातीची कुटुंबे आज दोन टोकांस विखुरलेली आहेत. एक टोक पुण्या-मुंबईच्या सदनिकांत. तेथे नवरा-बायको आणि बाळ, तिसरे माणूस नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दूरध्वनीच्या पडद्यावर, आणि ती उत्तरे परस्परविरोधी. दुसरे टोक पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून कारखान्यावर ऊसतोडीस जाणाऱ्या बांधवांचे. तेथे बाळाचे 'घर' म्हणजे उसाच्या पाचटाची कोपी, आणि बाळंतीण आठवड्या-पंधरवड्यात पुन्हा फडात. ज्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरास घातला गेला, त्याच जिल्ह्यातल्या लेकरांना ही कोपी आहे, याचा विचार साखर खाताना आपण करावा. एका टोकास माहिती आहे पण माणूस नाही. दुसऱ्या टोकास माणसे आहेत पण निवारा व विसावा नाही. ज्ञातिमंडळाने दोन्हींस जोडले नाही, तर मंडळ कशासाठी?

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या ठेवून आम्ही आपली रजा घेतो. पहिली अशी की, बारशाचा डामडौल कमी करावा. मंडप, जेवणावळी आणि बाराव्या दिवशी शंभर माणसांच्या हातांतून फिरणारे तान्हे, यांत पैसाही जातो आणि रोगही येतो. बारसे घरच्या माणसांत करावे आणि वाचलेल्या रकमेचा काही भाग मंडळाच्या निधीस द्यावा. दुसरी अशी की, त्या निधीतून प्रत्येक तालुका शाखेने बाळाचा वजनकाटा आणि तापमापक घेऊन ठेवावा, रात्री गाडी काढू शकतील अशा कार्यकर्त्यांची यादी करावी, आणि ऊसतोडीस गेलेल्या आपल्या भगिनींची नावे त्या त्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रास कळवावीत. गाडी काढताना मात्र ज्ञाती विचारू नये. सुईणीने आपल्यासाठी ती विचारली नव्हती. तिसरी विनंती सर्वांत स्वस्त आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी; १९६९ च्या कायद्याने ती बंधनकारकच आहे. नाव ठरले नसेल तरी चालते, ते मागाहून घालता येते. तारीख मात्र खरी पाहिजे.

१ जूनची पिढी आता आमच्याबरोबर संपत आली आहे. आपल्या नातवंडांची गणती पहिल्या दिवसापासून, पहिल्या श्वासापासून होवो, आणि त्यांच्या मातांचीही त्याच ओळीत होवो.